बोटीवरचं यंत्र फक्त ऐकतं

"सर, ह्याला महिन्याला रिचार्ज किती मारायचा?"

विचारणारा माझा जुना विद्यार्थी. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठावर त्याचं घर आहे आणि घर चालतं ते जाळ्यावर. गेल्या हिवाळ्यात त्यानं बोटीसाठी जीपीएसचं यंत्र घेतलं आणि ते बसवायला मला सोलापूरहून बोलावून घेतलं. रिचार्ज नाही, सिम नाही, इंटरनेटही लागत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा पडवीत फाटकं जाळं सांधत बसलेले त्याचे वडील, तात्या, मान वर न करता म्हणाले, "मग वरनं आपल्याकडं फुकट कोण बघत बसंल?"

तात्यांच्या मनातलं चित्र बहुतेक सगळ्यांच्याच मनात असतं. वर उपग्रह आहे, त्याला आपली बोट दिसते आणि 'तू इथं आहेस' असं तो कळवतो. इंजिनिअर झालेल्या मुलांनीही मला हेच सांगितलं आहे. प्रत्यक्षात जीपीएसच्या उपग्रहाला आपली बोटही दिसत नाही आणि आपलं यंत्रही माहीत नाही. २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो एकच काम करतो. स्वतःजवळच्या घड्याळात किती वाजले आणि तो स्वतः कुठं आहे, हे तो अखंड सांगत राहतो. बोटीवरचं यंत्र ते ऐकतं आणि बाकीचं गणित स्वतः करतं. यंत्रातून वर काहीच जात नाही. म्हणून एका उपग्रहाचं ऐकणारे दहा असोत की दहा कोटी, उपग्रहाला फरक पडत नाही.

नुसतं ऐकून जागा कशी कळते? सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण आपण भोंग्यांच्या गावचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा लक्ष्मी-विष्णूचा भोंगा झाला की घरोघरी घड्याळं लावली जात. आता समजा, गावात तीन गिरण्या आहेत, तिन्हींचे भोंगे सकाळी बरोब्बर सातला वाजतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिला भोंगा तुम्हाला सातला तीन सेकंद झाल्यावर ऐकू आला, तर तुम्ही त्या गिरणीपासून सुमारे एक किलोमीटरवर आहात. कुठल्या दिशेला ते कळलं नाही, पण गिरणीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर तुम्ही त्यावरच कुठंतरी उभे आहात. दुसऱ्या भोंग्याचं दुसरं वर्तुळ काढलं की ती दोन ठिकाणी छेदतात आणि त्यातलं खरं कोणतं ते तिसऱ्या वर्तुळावरून ठरतं.

खरी मौज पुढंच आहे. हे सगळं तुमचं मनगटी घड्याळ अचूक आहे असं धरून चाललं होतं. ते दोन सेकंद पुढं असेल तर? मग प्रत्येक भोंगा तुम्हाला दोन सेकंद उशिरा आल्यासारखा वाटेल आणि प्रत्येक अंतर ६८० मीटरनं जास्त येईल. तिन्ही वर्तुळं मोठी निघतील आणि एका बिंदूत भेटणारच नाहीत. मात्र तिघांतही चूक तेवढीच असेल. तेव्हा तिन्ही वर्तुळं सारख्याच मापानं लहान करत जा. ज्या क्षणी ती एका बिंदूत येऊन मिळतील तो बिंदू म्हणजे तुमची जागा, आणि त्यासाठी जेवढं कमी करावं लागलं ते सेकंदात मांडलं की तुमचं घड्याळ किती चुकलं होतं तेही हातात आलं. म्हणजे चुकीचं घड्याळ घेऊन निघालेल्या माणसाला स्वतःची जागा सापडलीच, शिवाय घड्याळही लावून मिळालं. पहिल्यांदा हे समजलं त्या रात्री मी वहीवर कंपासनं वर्तुळं काढत बसलो होतो. आजही वर्गात हे सांगताना अंगावर काटा येतो.

उपग्रहांच्या बाबतीत जमिनीवरच्या वर्तुळांऐवजी अवकाशातले गोल येतात. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी काढायच्या, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. इथं आवाजाऐवजी रेडिओलहरी असतात आणि त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. डोक्यावरच्या उपग्रहाकडून संदेश यायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर ३०० मीटरनं बदलतं. म्हणून उपग्रहात सीझियम किंवा रुबिडियमची अणुघड्याळं असतात, आणि बोटीवरच्या यंत्रात क्वार्ट्झचं स्वस्त घड्याळ चालून जातं. चौथा उपग्रह त्याची चूक सतत दुरुस्त करत असतो. नाहीतर प्रत्येक मच्छीमाराला बोटीत अणुघड्याळ वागवावं लागलं असतं.

आईनस्टाईनही या हिशेबात आहे. उपग्रह वेगानं फिरतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागं पडतं आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढं जातं. वजाबाकी करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं. प्रकाशाच्या मापात हे ११ किलोमीटर झाले. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच किंचित मंद लावून पाठवतात.

पण हा संदेश ओळखायचा कसा? पृथ्वीवर पोचेपर्यंत तो फार क्षीण झालेला असतो. एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा, अँटेनाच्या वाट्याला साधारण तेवढी शक्ती येते. यंत्राची स्वतःची खरखर याहून मोठी असते. इथं मला आपल्या चादरी आठवतात. जकार्ड मागावर नक्षी विणायला छिद्रं पाडलेले पुठ्ठे लावतात. कुठं छिद्र, कुठं कोरं, यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. प्रत्येक उपग्रहाची अशीच एक ठरलेली नक्षी आहे. तिच्यात १,०२३ घरं असतात आणि ती सेकंदात हजार वेळा पुन्हापुन्हा येते. यंत्राच्या स्मरणात प्रत्येक उपग्रहाच्या पुठ्ठ्याची नक्कल असते. आलेल्या संदेशावर यंत्र ती नक्कल ठेवतं आणि एकेक घर सरकवत जातं. नक्षी जुळत नसते तेव्हा निम्मी छिद्रं जुळतात, निम्मी चुकतात आणि बेरीज शून्याच्या आसपास राहते. अगदी बरोबर जुळली की १,०२३च्या १,०२३ छिद्रांतून एकदम उजेड यावा तशी बेरीज उसळते. खरखर अशी नेमानं जुळत नाही, म्हणून ती बेरजेत विरून जाते. नक्कल किती सरकवावी लागली यावरून संदेशाला लागलेला वेळ कळतो. शिवाय उपग्रह जवळ येत किंवा दूर जात असल्यानं लहरींची वारंवारता थोडी बदलते, म्हणून यंत्राला वारंवारताही सरकवून पाहावी लागते. एक घर सुमारे २९३ मीटरचं असतं. चांगलं यंत्र त्या घराचाही बारीक अंश मोजतं, म्हणून मोकळ्या आकाशाखाली चूक तीन ते पाच मीटरवर येते.

एवढं समजलं की यंत्र बसवायचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बोटीवर पत्र्याचं छप्पर होतं आणि विद्यार्थ्यानं अँटेना त्याखाली बांधायचं ठरवलं होतं, पावसापासून सांभाळायला. पण एवढा क्षीण संदेश पत्र्यातून येत नाही. बाजूनं, क्षितिजाजवळचे मोजकेच उपग्रह कसेबसे ऐकू येतील आणि त्यांची वर्तुळं एकमेकांना इतकी तिरकी छेदतील की छेदनबिंदू लांबच लांब पसरेल. आम्ही अँटेना मागच्या कठड्यावर, छपराच्या वर जेमतेम वीतभर राहील अशी लावली. फार उंच काठीवरही बांधू नये. बोट डुलली की काठीचं टोक बोटीपेक्षा कितीतरी जास्त झोके घेतं.

पूजा झाली, नारळ फुटला. मग घरातल्या कुणीतरी लिंबू-मिरची आणली आणि तारेनं थेट अँटेनावर बांधली. मी ती सोडून बोटीच्या नाकाडाला बांधायला लावली. ओली वस्तू आणि धातूची तार अँटेनाला खेटून असू नये, एवढंच कारण मी तेव्हा सांगितलं. इथं पूर्ण सांगतो. बोट नजरेनं बुडत नाही. ती जास्त माणसं भरल्यानं आणि वादळात सुटल्यानं बुडते. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या बोटीवर जीपीएस असतं तरी वारा थांबला नसता. यंत्र फक्त ऐकतं, ते कुणाला हाक मारत नाही. त्यामुळं यंत्राच्या आधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, हे मी विद्यार्थ्याला खोकं उघडायच्या आधीच बजावलं होतं.

विजेचं काम अर्ध्या तासात झालं. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळी वायर, तांबड्या वायरीवर बॅटरीजवळच फ्यूज, सांध्यांना पाणी शिरणार नाही असं वेष्टण. बोट उभी असताना पडद्यावरचा बाण भिरभिरतो, तो बिघाड नव्हे. यंत्राला जागा कळते आणि चालती दिशा कळते, नाक कुठं आहे ते कळत नाही. त्यासाठी होकायंत्र हवंच, आणि गाणी लावायचा स्पीकर त्यापासून लांब हवा, कारण त्यात चुंबक असतो.

मोबाइलवर एक संदेश फिरतो, की भारताचं 'नाविक', म्हणजे जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रहांची यंत्रणा, आलं, आता अमेरिकेच्या जीपीएसची गरज उरली नाही. नाविकचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच खरी स्थिती सांगावीशी वाटते. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. पुढं पहिल्या पिढीच्या अनेक उपग्रहांतली आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली, आणि घड्याळ गेलं की भोंगा कधी वाजला हेच कळत नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहात आपण बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसलं, हे फार मोठं काम आहे. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. आजची बरीचशी यंत्रं एकापेक्षा जास्त देशांचे उपग्रह एकत्र ऐकतात आणि बोटवाल्याचं हित त्यातच आहे.

यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा काही वेळ कोराच राहिला. विद्यार्थी कासावीस झाला. उपग्रह आपली कक्षा सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं सांगतो. तेवढी माहिती पुरी ऐकायला अर्धा मिनिट लागतो, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक ऐकायला साडेबारा मिनिटं. नवं यंत्र आधी उपग्रह शोधतं, मग ऐकतं. थोड्या वेळानं आकडे उमटले.

आता उजनीचं खरं संकट. धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्याचं, म्हणजे एरवी तळाशी राखून ठेवायचं. उन्हाळ्यात पाणी त्या मृतसाठ्यात उतरतं आणि 'उजनी मायनसमध्ये गेली' असं आपण म्हणतो तेव्हा बुडालेल्या गावठाणांच्या भिंती, देवळं, झाडांचे बुंधे वर येतात. पावसाळ्यानंतर तेच सगळं पाण्याखाली फुटा-दोन फुटांवर दडून बसतं आणि बोटीच्या मशीनचा पंखा मोडतो. यंत्राच्या नकाशात या भिंती नाहीत. त्या उन्हाळ्यात जाऊन आपणच नोंदवायच्या.

शेजारच्या बोटवाल्यानं एका वाड्याची भिंत उन्हाळ्यात अशी नोंदवून ठेवली होती. त्यानं फोनवर आकडे सांगितले. अक्षांशाची मिनिटं होती "बारा पॉइंट पाच". विद्यार्थ्यानं ती १२ मिनिटं ५ सेकंद अशी भरली. आम्ही तिथं गेलो. तात्यांनी बांबू सोडला तो पूर्ण बुडाला, तळ काही लागला नाही. "इथं कुठली भिंत," ते म्हणाले.

मी सेटिंग उघडून पाहिलं. शेजाऱ्याचं यंत्र मिनिटांचे दशांश दाखवत होतं, आमचं मिनिटं आणि सेकंद. साडेबारा मिनिटं म्हणजे १२ मिनिटं ३० सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, तेव्हा २५ सेकंदांच्या चुकीनं आम्ही पाऊण किलोमीटर दक्षिणेला आलो होतो. सेटिंग बदललं, आकडे पुन्हा भरले आणि बोट उत्तरेला वळवली. अंतर कमी होत गेलं, शंभर, चाळीस, दहा. विद्यार्थ्यानं मशीन बंद करून वर उचललं. पाणी सगळीकडं सारखंच हिरवं, सारखंच शांत होतं. तात्यांनी बांबू सोडला. ठक्. हातभर बाजूला सरकवून पुन्हा टोचला. ठक्. मग त्यांनी बांबू तिथंच टेकवून धरला आणि पडद्याकडं बोट दाखवत पोराला म्हणाले, "हिथलं लिहून घे. दुसरं टोक मी दावतो."