'जेल' हे अमेरिकनांचं पाप नव्हे

'खरं इंग्रजी स्पेलिंग जी-ए-ओ-एल. जे-ए-आय-एल हा अमेरिकनांनी केलेला अपभ्रंश,' हे आपण शाळेपासून ऐकतो. ते चूक आहे.

दोन्ही रूपं फ्रेंचमधूनच आली, फक्त वेगवेगळ्या बोलींतून. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन बोलीत सुरुवातीला 'ग' होता, पॅरिसकडच्या बोलीत 'ज'. इंग्लंडात दोन्ही नांदली. पुढे 'ग'चा उच्चार मेला, पण सरकारी कागदांनी त्याचं स्पेलिंग सोडलं नाही. म्हणून लिहायचं 'गाओल'सारखं आणि वाचायचं 'जेल', असा विचित्र प्रकार! सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात दोन्ही स्पेलिंगं आहेत. अमेरिकेचं स्वातंत्र्य 1776 चं.

दोन्हींचं मूळ लॅटिन 'कावेआ', म्हणजे पिंजरा. इंग्रजी 'केज' त्यातूनच आला. म्हणजे एखाद्याला 'जेल' करणं म्हणजे शब्दशः पिंजऱ्यात घालणं.

क्रियापद म्हणून मात्र 'जेल' तसा उशिराचा, साधारण 1600 च्या सुमाराचा. त्याआधी तीनेकशे वर्षं तुरुंगात टाकण्यासाठी 'इम्प्रिझन' चालत होतं. त्यातल्या 'प्रिझन'चं मूळ पकडण्याच्या लॅटिन क्रियापदात आहे. भिंती, गज नंतरचे. त्याच अर्थाचा वजनदार 'इन्कार्सरेट' सोळाव्या शतकात थेट लॅटिनमधून उचललेला.