झेरॉक्सच्या काचेवरचा राक्षस : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात कुठंही नवीन बांधकाम निघालं की वर जीभ बाहेर काढलेलं, डोळे वटारलेलं राक्षसाचं तोंड टांगलेलं दिसतं, नजर लागू नये म्हणून. जुन्या शिवमंदिरांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ते तर त्याहून कितीतरी जुनं. त्याची पुराणातली गोष्ट माहितीये ना, शंकराच्या रागातून निघालेला तो भुकेला गण राहूला खायला धावला, राहू शरण आला, मग खायचं काय, तर शंकर म्हणाले स्वतःलाच खा, आणि तो हात, पाय, पोट सगळं खात गेला आणि शेवटी नुसतं तोंड उरलं. तेच तोंड शंकरानं दाराशी ठेवलं. म्हणजे भयंकर चेहरा आपल्याकडं अभद्र नाहीये, तो राखणदार आहे.

हे आधी सांगायचं कारण, चित्रकलेच्या शिबिरात मुलांना स्वतःच्या चेहऱ्याची झेरॉक्स देऊन त्यातून राक्षस करायला लावलं की काही पालकांना वाटतं हा काय टाइमपास चाललाय. टाइमपास नाही हो, याच्यामागं बराच मोठा इतिहास आहे.

स्वतःचा चेहरा मुद्दाम विद्रूप करून बघायचं काम कलाकार फार पूर्वीपासून करतायत. डच चित्रकार रेम्ब्रांटनं 1630 च्या सुमारास आरशासमोर डोळे फाडून, तोंड वासून स्वतःची छोटी छोटी एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, केली. पण मला यात सगळ्यात थोर वाटतो तो मेसरश्मिट, अठराव्या शतकातला शिल्पकार. व्हिएन्नात त्याचं चांगलं चाललं होतं, मग 1770 नंतर सगळं बिनसलं आणि शेवटची वर्षं आजच्या ब्रातिस्लाव्हात काढली, तिथं तो स्वतःच्या बरगडीला चिमटे काढायचा, आरशात बघायचा आणि कळवळलेला, दात खाणारा, ओठ आवळलेला तो चेहरा धातूत नाहीतर दगडात उतरवायचा. अशी डझनावारी डोकी केली त्यानं.

आता मशीन. चेस्टर कार्लसन अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात होता, कागदपत्रांच्या नकला करून करून वैतागलेला, त्यात संधिवात. 22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात भाड्याच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या मदतनीसानं जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, अंधारात रुमालानं घासून त्यावर स्थिर वीज चढवली, तारीख आणि जागेचं नाव लिहिलेली काच वर ठेवून दिवा लावला. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षरांखालची राहिली, तिथंच वर भुरभुरलेली भुकटी चिकटली. आजही तत्त्व तेच. वीसेक कंपन्यांनी त्याला नाही म्हटलं, आणि ऑफिसात ठेवता येईल असं झेरॉक्स 914 बाजारात यायला 1959 उजाडलं. जवळजवळ 300 किलोचं धूड होतं ते.

आणि हे धूड बार्बरा स्मिथ नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कलाकार बाईनं 1960 च्या दशकाच्या मध्यात भाड्यानं घेऊन चक्क घरच्या डायनिंग रूममध्ये बसवलं. लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापायची चित्रं, करायला स्टुडिओ मिळेना म्हणून. मग स्वतःचं तोंड, अंग, मुलांचे फोटो, जे मिळेल ते काचेवर, आणि त्याची पुस्तकं बांधली. इटलीत ब्रुनो मुनारी त्याच दशकात कागद काचेवर सरकवत सरकवत कॉपी काढत होता, ब्राझीलमध्ये पुढं हुदिनिल्सन ज्युनिअरनं स्वतःच्या अंगाच्या कॉप्या काढून भिंतीच्या भिंती भरल्या. आणि व्हिएन्नात आर्नुल्फ रायनर नावाचा चित्रकार 1968 च्या आसपास रेल्वे स्टेशनवरच्या फोटो बूथमध्ये, म्हणजे आपोआप फोटो काढणाऱ्या छोट्या खोलीत, जाऊन वेडीवाकडी तोंडं करायचा आणि त्या फोटोंवर काळ्या रेघा ओढायचा. मुलं झेरॉक्सवर स्केचपेननं जे करतात त्याचा खरा पूर्वज हाच, फक्त त्याच्याकडं फोटो होता.

झेरॉक्सवर चेहरा भयानक का दिसतो हेही समजून घ्या. मशीन सपाट कागदासाठी बनवलेलं, त्यामुळं काचेला टेकलेलं नाक, गाल, ओठ एकदम स्पष्ट आणि चपटे येतात, डोळ्यांच्या खोबणी आत असतात त्या काळ्या होतात. दिव्याची पट्टी सरकत असताना डोकं हललं की जबडा लांबतो किंवा कपाळाला घडी पडते. जुन्या मशीनवर कॉपीची कॉपी काढत गेलं की मधले करडे रंग गळत जायचे आणि उरायचं नुसतं काळं-पांढरं. नवीन मशीन आधी स्कॅन करून मग छापतात, तिथं हे कमी होतं, पण काँट्रास्ट वाढवून तो परिणाम आणता येतो. म्हणजे निम्मा राक्षस मशीनच देतं, आणि फोनमधल्या फिल्टरपेक्षा मला हे जास्त आवडतं ते याचसाठी, कारण फिल्टर दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला तयार राक्षस सगळ्यांच्या तोंडावर चिकटवतो, इथं शिंगं फुटतात ती तुमच्याच भुवईतून, सुळे येतात ते तुमच्याच ओठाच्या कडेनं.

कॉलेजसमोरच्या, कोर्टाजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं दोनचार रुपयांत काम होतं. मोठ्यांनी तोंड ठेवायचं तर डोळे घट्ट मिटून, काचेवर भार न देता, आणि दुकानदाराला आधी विचारून. मुलांसाठी फोटोची मोठी केलेली झेरॉक्स बास आहे, चार कॉप्या काढा, एक फाडायला, एक कापून सरकवायला, एक रंगवायला आणि एक तशीच बाजूला ठेवायला.