ऑफिसातली चिकचिक आणि कुडकुड

मुंबईत जूनमध्ये बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि ऑफिसात मात्र खुर्च्यांच्या पाठीवर शाली नि जॅकेटं लटकलेली दिसतात. एसी जास्त ठेवलाय, एवढंच म्हणून आपण गप्प बसतो. पण तो तसा का ठेवावा लागतो?

टेबलाशी बसून काम करणारं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. ती किती सहज जाईल हे हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, भोवतालच्या भिंती-काचांची उष्णता, कपडे आणि चाललेलं काम यांवर ठरतं. डॅनिश शास्त्रज्ञ पी. ओ. फँगर यांनी १९७०च्या सुमारास हे सहाही घटक एका समीकरणात बसवले. एसी चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला मात्र यातलं तापमानच तेवढं कळतं.

दमट हवेत गोची इथेच होते. हवा एसीच्या गार कॉइलवरून जाते, तेव्हा तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि नळीतून बाहेर ठिबकतं. खोलीच्या मानाने एसी मोठा असला की तापमान झटकन उतरतं, कॉम्प्रेसर थांबतो आणि बाष्प पुरेसं निघालेलंच नसतं. त्यातच एसीच्या आतला पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली गार, पण चिकचिक तशीच. मग कुणीतरी रिमोट घेऊन २४ चे २० करतं आणि झोताखाली बसलेली माणसं कुडकुडू लागतात.

मुळात इतक्या गारव्याची आपल्याला गरजच नसते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच शहरांतल्या १६ ऑफिस इमारतींत, लोकांना कितपत गार किंवा गरम वाटतंय याचे ६,३३० प्रतिसाद गोळा केले गेले. त्यावरून निघालेल्या सूत्रानुसार, एसी नसलेल्या, खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत बाहेरचं गेल्या काही दिवसांचं सरासरी तापमान २८ अंश असेल, तर लोकांना आतही जवळपास २८ अंशच सुखाचे वाटतात. शरीर आणि सवयी ऋतूप्रमाणे बदलतात, हे त्यात धरलेलं आहे.

म्हणूनच फॉल्स सीलिंग करताना छताचे पंखे काढून टाकतात ते मला अजिबात पटत नाही. वाऱ्याने घाम लवकर सुकतो; पंख्याच्या बेताच्या वाऱ्यातसुद्धा दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. एसी २६-२७ वर आणि डोक्यावर पंखा, एवढ्यावर ऑफिसातला बहुतेकांचा दिवस आरामात जातो.