लेन्सपुढची जादा काच

नवी लेन्स घेतली की तिच्याबरोबर एक यूव्ही फिल्टर घ्यायचा सल्ला हमखास मिळतो. महागाची वस्तू जपायची म्हणून आपण तो घेतो, लेन्सच्या आट्यांवर फिरवून बसवतो आणि विसरून जातो. बऱ्याच जणांची समजूत अशी असते, की ही काच लेन्सला अतिनील किरणांपासून वाचवते. प्रत्यक्षात रोजच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी लेन्सचे काही बिघडत नाही. हा फिल्टर लेन्ससाठी जन्मालाच आला नव्हता, तो फिल्मसाठी होता.

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याहून आखूड लहरी म्हणजे अतिनील किरण. सूर्याकडून येणाऱ्या या किरणांपैकी सुमारे 290 नॅनोमीटरच्या खालचे जवळजवळ सगळे ओझोन अडवतो. त्यापुढचे जमिनीपर्यंत पोहोचतात, आणि डोंगरावर चढत जावे तसे त्यांचे प्रमाण दर 1000 मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना मुळात दिसतो तो निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच. हिरवा प्रकाश त्यांना दिसावा म्हणून त्यांत रंगद्रव्ये मिसळावी लागली. ही युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ हरमान फोगेल यांना 1873 मध्ये सापडली. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हाही निळ्याचा थर सगळ्यांत वर होता आणि अतिनील प्रकाश त्याच्यावर निळा म्हणूनच उमटायचा.

त्यात हवेची भर. हवेच्या रेणूंवरून प्रकाश विखुरतो तेव्हा तरंगलांबी निम्मी झाली, की विखुरणे सोळा पट वाढते. म्हणजे 700 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा 350 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोळा पट जास्त विखुरतो. डोंगररांगेचा फोटो काढला, की डोळ्यांना स्वच्छ दिसलेल्या दूरच्या रांगांवर फिल्मवर निळसर पडदा चढलेला असायचा. अतिनील प्रकाश अडवणारी काच लावली की तो बराच कमी होई. यूव्ही फिल्टरचे खरे काम ते हे, आणि फिल्मच्या काळात तो ते चोख करत होता.

डिजिटल कॅमेऱ्यात या कामाची गरजच उरलेली नाही. लेन्समधल्या भिंगांची काच, भिंगे जोडणारा डिंक आणि वरचे लेप यांतच बराचसा अतिनील प्रकाश अडतो. उरलेला सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चकचकीत पट्टीवर, बसवलेली फिल्टरची चकती थोपवते. मुद्दाम अतिनील प्रकाशातच फोटो काढणाऱ्यांची धडपड पाहिली, की हे लगेच पटते. मधमाशांना फुलांच्या पाकळ्यांवर दिसणारी, आपल्याला न दिसणारी नक्षी टिपायची असेल, तर सेन्सरवरची ती चकती काढून टाकावी लागते आणि नेहमीची लेन्स फारशी कामाची राहत नाही. निकॉनने या कामासाठी 105 मिलिमीटरची ‘यूव्ही-निक्कोर’ बनवली, तीत नेहमीच्या काचेऐवजी क्वार्ट्‌झ आणि फ्लोराइट वापरले. दूरच्या दृश्यांतला जो धूसरपणा डिजिटल फोटोत दिसतो तो दृश्य प्रकाशातलाच असतो. यूव्ही फिल्टर त्याला काही करू शकत नाही.

मग उरतो संरक्षणाचा मुद्दा. इथे आपटणे आणि चरे पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

लेन्स पडली, फिल्टर फुटला आणि लेन्स शाबूत राहिली, की ‘फिल्टरने वाचवले’ असे म्हटले जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. फिल्टरची काच एक-दोन मिलिमीटरची, सपाट, कडेने रिंगमध्ये धरलेली. ती थोडक्या धक्क्यानेही फुटते. त्यामागचे भिंग बहुधा कितीतरी जाड असते. त्यामुळे फिल्टर फुटला याचा अर्थ लेन्सही फुटली असती, असा होत नाही. उलट फुटलेल्या काचेचे तुकडे पुढच्या भिंगावर घासले, की चरे पडतात ते त्यांच्यामुळेच. धक्क्याने आतली भिंगे सरकली तर त्यावर फिल्टरकडे काहीच इलाज नाही. रिंग लेन्सच्या कडेचे आटे कधी वाचवते हे खरे, पण वाकली तर तिथेच अडकून बसते. आपटण्यापासून जपायचे असेल तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी पुढे येणारी कडी, लावावा. तो धक्का भिंगापासून लांबच झेलतो आणि बाजूने येणारा नको असलेला प्रकाशही अडवतो.

चऱ्यांचे मात्र वेगळे आहे. वाळूतले क्वार्ट्‌झ कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर 7 वर येते, तर काच साधारण साडेपाच-सहावर. लेन्सवरच्या लेपाचा एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. म्हणजे लेन्सवर बसलेला वाळूचा कण काही करत नाही, पण तो शर्टाच्या टोकाने पुसायला गेलात की तो लेपावरून ओढला जातो. आधी हातपंपाने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि कापड सगळ्यांत शेवटी. समुद्रावर खारे तुषार उडत असताना किंवा वाऱ्याबरोबर वाळू येत असताना एवढी सवड नसते. तिथे फिल्टर जरूर लावावा.

तरीही एखाद्या चऱ्याने फोटो वाया जातो, असे समजू नका. दृश्यातल्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश पुढच्या भिंगाच्या मोठ्या भागातून आत येतो, आणि ते भिंग स्वतः फोकसच्या फार बाहेर असते. तांदळाच्या दाण्याएवढा कागदाचा कपटा लेन्सवर हलकेच ठेवून, लेन्समधले प्रकाशाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे ठेवून फोटो काढून पाहा; फोटोत तो बहुधा सापडणार नाही. रुंद कोनाच्या लेन्सवर छिद्र अगदी लहान केले किंवा सूर्य समोर असला, तर मात्र डाग आणि चरे जाणवतात.

आता फिल्टरची किंमत, प्रकाशाच्या हिशेबात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परततो. फिल्टरला असे दोन पृष्ठभाग. परावर्तन कमी करणारा लेप त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये विकसित केला, आणि आजचे चांगले बहुस्तरीय लेप हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात. स्वस्त फिल्टरवर लेप नसतो किंवा नावापुरता असतो. दिवसा ते सहसा लक्षात येत नाही, रात्री येते.

अंधारात एखाद्या दिव्याचा फोटो घ्या. दिव्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. सेन्सर चकचकीत असल्याने त्यातला थोडा प्रकाश उलटा फिरून लेन्समधून बाहेर निघतो, सपाट फिल्टरवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. फिल्टर लेन्सच्या अक्षाला काटकोनात असल्याने या प्रकाशाचा कोन आता उलट झालेला असतो. जणू तो दिव्याच्या नेमक्या समोरच्या बाजूने आला आहे. त्यामुळे फोटोत दिवा वर डावीकडे असेल, तर खाली उजवीकडे, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, एक फिकट उलटा दिवा उमटतो. रात्रीच्या फोटोत असे ठिपके दिसले की फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या. बहुतेक वेळा ते नाहीसे होतात. लांब पल्ल्याच्या लेन्सवर आणखी एक दोष निघतो: फिल्टरच्या दोन्ही बाजू अचूक समांतर आणि सपाट नसल्या, की फोटोची धार जाते.

यूव्ही फिल्टर म्हणजे सूर्याकडे बघायचा फिल्टर नव्हे, हेही इथे सांगायला हवे. तो दृश्य आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा आत सोडतो, म्हणून सूर्यग्रहणात त्याच्या भरवशावर कॅमेरा किंवा डोळा सूर्याकडे लावू नका. दमट हवेने लेन्सच्या आत येणाऱ्या बुरशीवरही त्याचा उपयोग नाही.

काही लेन्सना मात्र पुढे फिल्टर हवाच असतो. कॅननच्या ‘एल’ या वरच्या श्रेणीतल्या काही लेन्स पाणी-धुळीपासून पूर्ण बंदिस्त होण्यासाठी पुढे फिल्टर लावावा, असे कंपनीच सांगते. घ्यायचाच असेल तर चांगल्या लेपाचा घ्यावा. रंगहीन ‘प्रोटेक्टर’ही चालतो. ओळखायची सोपी खूण अशी, की काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. लेप नसेल तर ट्यूबचे प्रतिबिंब लख्ख पांढरे दिसते. चांगला लेप असेल तर ते अगदी अंधुक, हिरवट किंवा जांभळट असते.