शोधनिकालांची यादी माणसागणिक वेगळी कधी झाली?

गुगलवर एकच शब्द टाकला की सगळ्यांना एकच यादी दिसते, असं आजही अनेकजण धरून चालतात. सुरुवातीच्या वर्षांत ते बरंचसं खरं होतं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या गुगलचा पाया होता पेजरँक. एखाद्या पानाकडे किती आणि किती वजनदार दुवे येतात, यावर त्याचा क्रम लागायचा. शोधणारा कोण, हे त्या हिशेबात नव्हतं.

ते हळूहळू शिरलं. २००४ मध्ये प्रयोग म्हणून आणि २००५ पासून लॉगिन करून आपला शोध-इतिहास साठवू देणाऱ्यांसाठी. इथवर निदान माणसाने स्वतः होकार दिलेला असे. ४ डिसेंबर २००९ ला गुगलने जाहीर केलं की लॉगिन न केलेल्यांचेही निकाल ब्राउझरमधल्या कुकीवरून (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं ती छोटी नोंद), मागच्या १८० दिवसांतले शोध पाहून बदलतील. हे बंद करायची सोय होती, पण चालू आहे हे ज्याला ठाऊक तोच बंद करणार! माझ्या मते या इतिहासातली कळीची तारीख हीच. त्या दिवसापासून कुणाला न विचारता प्रत्येकाची यादी वेगळी होऊ शकत होती, आणि शेजाऱ्याला काय दिसतंय हे कळायला मार्ग नव्हता.

हे लोकांच्या नजरेत भरलं २०११ मध्ये. इजिप्तच्या राजधानीतला, कैरोतला तहरीर चौक सरकारविरोधी आंदोलनाने पेटलेला असताना एली पॅरिसर या अमेरिकी कार्यकर्त्याने दोन मित्रांना 'इजिप्त' शोधून पडदा जसाच्या तसा पाठवायला सांगितलं. एकाच्या पहिल्या पानावर आंदोलन ठळकपणे होतं. दुसऱ्याच्या पानावर प्रवास आणि देशाची सर्वसाधारण माहिती, आंदोलनाचा मागमूसही नाही. 'फिल्टर बबल', म्हणजे आपल्या आवडीचंच दिसत राहणारा माहितीचा बुडबुडा, हा शब्दप्रयोग त्याच वर्षी पॅरिसर यांच्या पुस्तकामुळे जगभर गेला.

अर्थात दोन मित्रांवरून सिद्धांत उभा राहत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा सरासरी ११.७ टक्के निकालांत असा फरक आढळला. त्याची मुख्य कारणं दोन: लॉगिन असणं आणि माणूस कुठून शोधतोय ते ठिकाण. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासातही गुगल जे दाखवतं त्यापेक्षा लोक स्वतःच अधिक एकांगी बातम्यांकडे वळतात, असं दिसलं. राजकीय बुडबुड्याची भीती थोडी फुगवलेली होती, हे मान्य करायला हवं.

ठिकाणाचं मात्र तसं नाही. गुगल मॅप्सवर काश्मीरची सीमा भारतातून पाहिली तर सलग रेषेत दिसते, परदेशातून पाहिली तर तुटक. परदेशातल्या मराठी माणसाला आणि इथल्या त्याच्या भावाला एकाच कंपनीचे दोन नकाशे दिसतात.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना प्रोफाइलिंगवर (माणसाच्या माहितीवरून त्याच्या आवडीनिवडींचा अंदाज बांधण्यावर) न बेतलेला, काय आधी दाखवायचं ते ठरवण्याचा किमान एक पर्याय देणं बंधनकारक केलं. आपल्याकडचा २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा वैयक्तिक माहिती वापरायच्या संमतीबद्दल बोलतो. त्या माहितीवरून पडद्यावर काय आधी दिसावं, याबाबत असा पर्याय तो देत नाही. हा पर्याय आपल्यालाही मिळायला हवा.