समकालीन ब्रिटिश कादंबरीतील पर्यावरणीय स्त्रीवाद

निसर्गाची लूट आणि बाईवरची सत्ता यांचे मूळ एकच आहे, असे मानून जमीन, पाणी, जनावरे आणि स्त्रीदेह यांच्याकडे एकत्र पाहणारा ब्रिटिश कथासाहित्यातील प्रवाह. पर्यावरणीय स्त्रीवाद किंवा इकोफेमिनिझम ही संज्ञा फ्रेंच लेखिका फ्रांस्वाझ दोबोन यांनी १९७४ मध्ये वापरली. पुढे १९९३ मध्ये मारिया मीस आणि वंदना शिवा यांच्या ग्रंथाने तिला शेतात-रानात राबणाऱ्या बायकांच्या अनुभवाची जोड दिली.

ब्रिटनमध्ये या विचाराला चळवळीची पार्श्वभूमी आहे. कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी सप्टेंबर १९८१ मध्ये बर्कशरमधील ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळाबाहेर अण्वस्त्रांविरुद्ध राहुट्या ठोकल्या. ती वस्ती २००० पर्यंत टिकली. पुरुषांवाचून उभी राहिलेली बायकांची वस्ती कादंबऱ्यांतही भेटते, पण तिथे ती शांततावादी असतेच असे नाही.

सारा हॉल यांचे लेखन या प्रवाहाच्या केंद्रस्थानी ठेवावे लागते. मँचेस्टरच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणात मार्डेल खोरे बुडाले, त्यावर त्यांनी ‘हॉजवॉटर’ (२००२) ही पहिली कादंबरी लिहिली. ‘द कारहलन आर्मी’ (२००७) मध्ये पूर आणि टंचाईने देश मोडकळीला आला आहे आणि सरकारने बायकांना सक्तीने तांबी बसवली आहे. ती जागेवर आहे ना, हे तपासायचा अधिकारही शिपायांना आहे. हवामानाचे संकट थेट गर्भाशयापर्यंत कसे पोचते, हे या एका तपशिलातून जेवढे कळते तेवढे एखाद्या प्रबंधातूनही कळणार नाही. नायिका पळून कंब्रियाच्या डोंगरातील बायकांच्या शेतावर जाते. तिथे मेंढ्या आहेत, श्रम आहेत आणि बंदुकाही आहेत. बाई मातीजवळ राहते म्हणून ती मवाळ असते, ही समजूत हॉल ठामपणे नाकारतात. ‘द वुल्फ बॉर्डर’ (२०१५) मध्ये लांडग्यांना इंग्लंडच्या रानात परत आणणारी संशोधक स्वतः गर्भवती आहे.

जेनेट विंटर्सन यांची ‘द स्टोन गॉड्स’ (२००७) ग्रह ओरबाडून दुसऱ्या ग्रहाकडे वळणाऱ्या माणसांची कथा सांगते, तर मेगन हंटर यांची ‘द एंड वुई स्टार्ट फ्रॉम’ (२०१७) लंडन पाण्याखाली जात असताना बाळंत होणाऱ्या बाईची.

या प्रवाहातला सर्वांत अवघड प्रश्न मात्र सारा मॉस यांच्या ‘घोस्ट वॉल’ (२०१८) ने विचारला : निसर्गावर प्रेम करणारा पुरुष बाईवर जुलूम करत असेल तर? नॉर्थम्बरलँडच्या माळावर काही विद्यार्थी लोहयुगातल्या माणसांसारखे राहून पाहतात. त्यांच्याबरोबर आईवडिलांसोबत आलेली सतरा वर्षांची सिल्व्ही आहे. तिच्या वडिलांना जुन्या, ‘अस्सल’ ब्रिटनचे वेड आहे. मुळे-फळे कुठे मिळतात, दलदल कुठे फसवते, हे त्यांना पाठ आहे. मुलीला त्यांनी झऱ्या-डोहांच्या प्राचीन देवतेचे, सुलेव्हियाचे, नाव दिले आहे. तीच मुलगी ओढ्यात अंघोळ करताना दिसली म्हणून ते तिला पट्ट्याने मारतात. भूमीच्या पूजेतही मालकी लपलेली असू शकते, हे दाखवणारा याहून नेमका प्रसंग या साहित्यात क्वचितच सापडेल. पुढे हाच खेळ सिल्व्हीला दलदलीत बळी देण्याच्या विधीपर्यंत जातो. तेव्हा मदत घेऊन येते ती मॉली, म्हणजे रानातले वेचून खायचा नियम मोडून गुपचूप दुकानात जाणारी विद्यार्थिनी.