बेळगाव–मुंबई विमानप्रवास : हवाई अंतर आणि लागणारा वेळ

बेळगावचं सांबरा विमानतळ ते मुंबईचं विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण ४०४ किलोमीटर, म्हणजे २१८ सागरी मैल भरतं (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी). तेच निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत हायवेनं गेलं की पाचशेच्या घरात जातं आणि ट्रॅव्हल्समध्ये अख्खी रात्र जाते.

हे अंतर घरबसल्या काढता येतं. सांबऱ्याचा अक्षांश १५.८६, मुंबईचा १९.०९, फरक ३.२३ अंश, आणि एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून उत्तरेकडं झाले ३५९ किमी. रेखांशातला फरक १.७५ अंश, पण रेखांश उत्तरेकडं जवळजवळ येत जातात त्यामुळं आपल्या पट्ट्यात एक अंश १०६ किमीचाच धरायचा, पश्चिमेकडं झाले १८६. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं की झालं, शाळेतलं पायथागोरसच. लांबच्या प्रवासाला पृथ्वीचा गोलपणा धरावा लागतो, इथं एवढ्यावर भागतं.

वेळेचं गणित मात्र असं सरळ नाही आणि लोक फसतात ते इथंच. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, त्या हिशेबानं पन्नास मिनिटं पुरावीत, आणि एम्ब्रेअरसारखं छोटं जेट तर ताशी ८०० च्या आसपास जातं म्हणजे अर्धाच तास, पण तिकिटावर तास-सव्वा तास दिसतो. कारण तो वेळ विमान जागचं हलल्यापासून पलीकडं जाऊन पूर्ण थांबेपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं आलं, आणि मुंबईला गर्दी असली की उतरायचा नंबर लागेपर्यंत वरच घिरट्या. पावसाळ्यात सांबऱ्याला ढग इतके खाली येतात की रनवे दिसत नाही, मग थांबा नाहीतर विमान दुसरीकडं वळवतात. म्हातारी माणसं मुंबईला दवाखान्याला निघाली असतील तर जून ते ऑगस्टमध्ये डॉक्टरची वेळ त्याच दिवशीची घेऊ नका, हे कळकळीनं सांगणं.

सांबरा शहरापासून दहाएक किमी, बागलकोट रोडवर. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं ही धावपट्टी केली, हवाई दलाचं ट्रेनिंग आजही तिथं चालतं, आणि प्रवाशांसाठी नवीन टर्मिनल २०१७ ला झालं. केंद्र सरकारच्या उडान योजनेमुळं छोट्या शहरांचे रूट वाढले. बेळगाव–हैदराबाद हवाई अंतर साधारण ४३५ आणि बेळगाव–बेंगळुरू ४४५ किमी, म्हणजे मुंबई या दोन्हींपेक्षा जवळ.

घरापासूनचा हिशेब धरायचा तर विमानतळावरचा चेक-इन काउंटर पाऊण ते एक तास आधी बंद होतो तेही मोजा. खानापूरकरांना सांबराच बरं. निपाणीवाल्यांना कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ निम्म्या अंतरावर, आणि तिथून मुंबई हवेतनं ३१० किमीच. उलट चंदगड महाराष्ट्रात असूनही तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा सांबराच जवळ पडतं.